मिठापासून मठ्ठ्यापर्यंत

माणूस कसा आहे हे त्याच्या पानावरून कळतं, असं नंदूचं ठाम मत होतं, आणि त्या मतानुसार इंदुरातली निम्मी माणसं त्याला माणसंच वाटत नसत. लग्नाच्या बफेत ताट घेऊन रांगेत उभी असलेली मंडळी दिसली की त्याच्या कपाळाला आठ्या पडत. मंच्युरियनला खेटून दहीवडा, दहीवड्याला टेकून गुलाबजाम, गुलाबजामाचा पाक वाहत जाऊन डाळीत, आणि एवढ्यानं भागत नाही म्हणून वरून मूठभर शेव. इंदूरवाल्याला शेवेशिवाय घास उतरत नाही हे नंदूला मान्य होतं, तोही इथलाच. पण गुलाबजामावर शेव? याहून ढोरं बरी, तो म्हणे. ढोर एका वेळी एकच चारा खातं आणि नंतर निवांत बसून रवंथ तरी करतं.

हा नंदू राजवाड्यामागच्या एका दुकानात साड्या दाखवायचं काम करी. वडील मिलमध्ये कारकून म्हणून नाशकाकडून आले आणि इथलेच झाले. मिल गेली, वडील गेले, नंदू साड्यांच्या गादीवर बसला. पण कुणी विचारलं की तुम्ही करता काय, तर तो साड्यांचं नाव काढत नसे. मी वाढपी आहे, असं सांगे, आणि ते अशा थाटात सांगे की विचारणाऱ्याला वाटावं, हा काही तरी सरकारी हुद्दा असणार. रामबागेतल्या एका म्हाताऱ्या वाढप्याच्या हाताखाली तो बाविसाव्या वर्षी तयार झाला होता. मुंज असो, लग्न असो, वास्तुशांत असो, मराठी घरातली पंगत म्हटली की नंदूभियाला निरोप जायचाच. पस्तीस वर्षांत त्यानं किती पानं वाढली याचा हिशेब नव्हता.

आणि वाढायचं म्हणजे नुसतं टाकत जायचं नाही. पानात वर मधोमध मीठ. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, अळूचं फतफतं. समोर भाताची मूद, तीवर वरण, त्यावर तुपाची धार. आता हे असंच का, ते नंदूला विचारावं. मीठ-लिंबू दिसलं की तोंडाला पाणी सुटतं, पोटाला वर्दी जाते की बाबा रे, पाहुणे येताहेत. मग पहिला वरणभात, कारण भुकेलं पोट म्हणजे तान्हं मूल, त्याला मऊच द्यावं लागतं. पोट जागं झालं की मसालेभात. गोड मधे, भूक तेजीत असताना. गोड शेवटी खाणारा नंदूच्या हिशेबी गाढव होता. आणि सगळ्यात शेवटी आलं-हिंगाचा मठ्ठा, म्हणजे घराला कडी लावून बाहेर पडण्यासारखं. मिठापासून मठ्ठ्यापर्यंत वाट आखलेली आहे, मधेच कुंपणावरून उड्या मारल्या तर पोट बोंबलणारच, असं तो सांगे. त्यात शास्त्र किती आणि नंदू किती, देव जाणे. पण सांगायचा असा की ऐकणारा मुकाट्यानं वरणभाताकडे वळे.

न वळला तर त्याची धडगत नसे. एकदा एका मोठ्या डॉक्टरांनी पंगतीत बसल्या बसल्या जिलेबी मागितली. नंदूनं जिलेबीचं ताट त्यांच्या पानापर्यंत नेलं आणि तसंच पुढे नेलं. आधी भात संपवा, म्हणाला, रोग्याला पथ्य सांगता ना? डॉक्टर हसले, पंगत हसली. लोकांना ते कौतुकाचं वाटे, आमचा नंदूभिया असाच आहे म्हणत. नंदूला वाटे, टरकतात मला. तोंडानं तोही हसे, पण त्याच्या मनात मात्र तुच्छताच असे. शिकलेसवरलेले लोक, आणि पान समोर आलं की कुठून सुरुवात करायची ते कळत नाही.

पंगत वाढून झाली, पाहुण्यांना 'सावकाश जेवा' म्हणून झालं, दुसरी उठली, तिसरी उठली, की चार वाजता वाढपी जेवत. ते कसं जेवत हे कुणी पाहिलं नव्हतं, कारण ते पाहण्यासारखं नव्हतं. मागच्या मोरीपाशी, एका पातेल्यात जे उरलं ते. मसालेभाताची खरवड, तुटक्या पुऱ्या, उसळीचा रस्सा, पाकात भिजलेला जिलेबीचा चुरा, वर मठ्ठा. हातानं कालवायचं, उभ्यानं गिळायचं, आणि भांडी घासायला घ्यायची. दुकानातही तेच. सुलोचना, त्याची बायको, चार पुडांचा डबा नीट भरून द्यायची. हा दोन गिऱ्हाइकांच्या मधे चारी पुडं एकात उलटी करायचा आणि पाच मिनिटांत मोकळा. रात्री पोटात जाळ व्हायचा. मग लिंबू-सोडा, मग ओवा, मग गॅलरीत येरझारा. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान,' सुलोचना एवढंच म्हणायची आणि कूस बदलायची. पुढचं म्हणायची गरज तिला कधी वाटली नाही. नंदूला वाटे, बायकांना यातलं काय कळतं.

गेल्या काही वर्षांत पंगती आटल्या. लोक लॉनवर लग्नं करू लागले, काळ्या टी-शर्टातले केटरिंगवाले आले, चाट, पास्ता नि डोसा यांचे वेगवेगळे ठेले मांडले जाऊ लागले. वर्षात एखादी मुंज आली तर आली. नंदूचा तिरस्कार मात्र आटला नाही. उलट, वाहायला जागा नाही म्हणून तुंबून राहिला.

आणि अशात त्याच्या मुलीचं, ईशाचं लग्न ठरलं.

मुलगा हृषीकेश, तिच्याच ऑफिसातला, सरळ आणि हसरा. नंदूची त्याच्याबद्दल तक्रार एवढीच की तो पोह्यांबरोबर चहा पिई. पण मुलाचे वडील, दिवाकरजी, म्हणजे नंदूच्या डोक्यावरून पाणी होतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. दोन वर्षांपूर्वी पोटानं त्यांना चांगलंच रडवलं होतं, तेव्हापासून ते एका तक्त्यावर जगत. डाळ आणि भात एकत्र नाही, दोन्हींत चार तासांचं अंतर. फळ खायचं तर एकटं, उपाशीपोटी. दुधाबरोबर मीठ नाही, आंबट नाही, काहीच नाही. तक्ता मोबाइलात होता आणि जेवणाची वेळ झाली की मोबाइल टिंग करून वाजे.

पहिल्या भेटीला ते घरी आले तेव्हा सुलोचनेनं भुट्ट्याचा कीस केला होता. कोवळा मका किसून, दुधात शिजवून, हिरवी मिरची-हिंगाची फोडणी. सगळं इंदूर ज्यावर जीव टाकतं तो कीस दिवाकरजींनी हात जोडून नाकारला. यात दूध आहे नि मीठही आहे, म्हणाले, माझ्या तक्त्यात बसत नाही. आणि पिशवीतून आपला डबा काढला. त्यात उकडलेले मूग होते. नुसते मूग. ते त्यांनी खिडकीकडे तोंड करून, एकेक दाणा चावत खाल्ले.

लोकांनी कसंही खावं, नंदू थुंकून मोकळा होई, पण होणारा व्याही आपल्या घरात आपल्याच डब्यातलं खातो म्हणजे तोंडावर मारणंच झालं. दिवाकरजी घरी कुटुंबाबरोबरही बसत नाहीत, त्यांच्या वेळा जुळत नाहीत, असं हृषीकेश सांगत होता. बाबा दोन वर्षं एकटेच जेवतात, म्हणाला. सुलोचनेला ते ऐकून वाईट वाटलं. नंदूनं ते ऐकलंसुद्धा नाही. तो मनातल्या मनात त्या मुगांना शिव्या घालत होता.

लग्नाचं जेवण लॉनवर बफेच होणार हे दोन्हीकडच्या पोरांनी ठरवूनच टाकलं होतं. नंदूनं आकांडतांडव केलं, दोन दिवस लेकीशी अबोला धरला. शेवटी ईशानंच तोड काढली. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी व्याहीभोजन, ते रामबागेतल्या जुन्या कार्यालयात, चाळीस पानांची पंगत, खाली बसून, पळसाच्या पत्रावळीवर. त्यात काय व्हावं ते बाबा ठरवतील. नंदू तत्काळ विरघळला. पण लगेच त्याला मूग आठवले. चाळीस पानांत एका पानासमोर डबा उघडलेला, आणि तोही व्याह्याचा. मग ती पंगत काय डोंबलाची. त्यानं दिवाकरजींना फोन लावला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की तुमचा तक्ता कालचा आहे, आमचं पान शेकडो वर्षांचं आहे. जे तुम्ही चार-चार तासांनी खाता ते आम्ही एका बैठकीत क्रमानं खातो आणि पचवतो. एकदा बसून बघा.

दिवाकरजी म्हणाले, "बसतो. डबा आणणार नाही. पण मला तो क्रम माहीत नाही, नंदूजी. तुम्ही माझ्या शेजारी बसा. तुम्ही जसं खाल, तस्संच मी खाईन. एक घासही मागे-पुढे नाही."

नंदूला आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी दुकानात, गिऱ्हाइकासमोर साडीचा पदर उलगडता उलगडता तो हेच सांगत होता. अपने व्याही बडे इंजिनियर हैं, तक्ते पे चलते हैं, पण पंगतीत माझं बघून जेवणार आहेत. शेजारच्या दुकानांत कळलं, नात्यात कळलं, ज्यांनी ज्यांनी पंगती बंद करून बफे घातले होते त्या सगळ्यांना नंदूनं आवर्जून कळवलं. पस्तीस वर्षं जे सांगत आलो ते खरं की खोटं, हे त्या दुपारी ठरणार होतं. त्याच्या मते ते ठरलेलंच होतं.

सुलोचनेनं मात्र हातातलं काम थांबवून विचारलं, "तुम्ही पंगतीत बसणार? शेवटचं कधी बसला होतात?"

नंदू बोटांवर पंगती मोजू लागला. तीच म्हणाली, आपल्या लग्नात. आणि तेव्हाही समोरच्या ओळीत लिंबू वाढायचं राहिलं म्हणून नवरदेव पानावरून उठून लिंबाचं तबक घेऊन धावला होता. ती त्याच्या पानाशेजारी एकटीच जेवली होती. नंदू म्हणाला, हातच्या कांकणाला आरसा कशाला, ज्यानं लाख पानं वाढली त्याला जेवता येणार नाही होय? सुलोचना पुन्हा कामाला लागली.

व्याहीभोजनाच्या दिवशी नंदू पहाटेपासून कार्यालयात होता. वाढायला केटरिंगचीच माणसं घ्यावी लागली, कारण जुने वाढपी कुणी वारले होते, कुणाचे गुडघे गेले होते. त्या काळ्या टी-शर्टवाल्यांना त्यानं दोन तास धडे दिले. मीठ कुठे, लिंबू कुठे, डाव हातात कसा धरायचा. ते हो भिया, हो भिया म्हणत होते आणि नंदूला त्यांचा एकेक शब्द खोटा वाटत होता. बारा वाजता पाटांवर पानं मांडली. रांगोळ्या झाल्या, उदबत्त्या लागल्या. दिवाकरजी आले ते धुतलेलं धोतर नेसून, रिकाम्या हातांनी. त्यांनी मोबाइल बंद करून मुलाच्या हाती दिला आणि नंदूच्या शेजारच्या पाटावर मांडी घातली. समोरच्या ओळीत ईशा आणि हृषीकेश. तुपाचं भांडं सुलोचनेच्या हातात.

सुरुवात बघण्यासारखी झाली. नंदूनं पाण्याचं बोट पानाभोवती फिरवलं, दिवाकरजींनी फिरवलं. नंदूनं मिठाला बोट लावलं, लिंबू पिळलं, वरणभाताचा घास कालवून तोंडात घातला. दिवाकरजींनी क्षणभर डोळे मिटले आणि दोन वर्षांतला पहिला वरणभाताचा घास गिळला. अख्खी ओळ त्यांच्याकडे बघत होती. नंदूची छाती फुगली.

आणि तेवढ्यात ओळीच्या टोकाला एका मिशीवाल्या वाढप्यानं कोशिंबीर उजवीकडे वाढली.

नंदूची मान तिकडे वळली. त्याच्यामागचा दुसरा वाढपी भात संपायच्या आधीच जिलेबी घेऊन निघाला होता. तिसऱ्यानं अळूचा डाव पानाच्या इतक्या वरून उपडा केला की थेंब पाहुण्याच्या सदऱ्यावर उडाले. गाढवं, नंदू पुटपुटला. उठता येत नव्हतं, व्याही शेजारी होते. मग तो बसल्या जागेवरून डोळे वटारू लागला, हनुवटीनं खुणा करू लागला, एकाला चुटकी, एकाला मान. वाढपी वाढत राहिले, त्याच्याही पानात एकेक पडत राहिलं. मसालेभात, पुरी, श्रीखंड, जिलेबी, उसळ. द्रोणात मठ्ठा आला. नंदूचे डोळे ओळीच्या टोकाला आणि हात पानात. त्या हाताला कुणी काही सांगत नव्हतं, आणि सांगायची गरजही नव्हती. पस्तीस वर्षं तो एकच काम शिकला होता.

भजी द्यायला आलेला माणूस भजी न वाढताच थबकला तेव्हा नंदूनं खाली पाहिलं.

पानात वाट नव्हती, कुंपण नव्हतं, काही नव्हतं. मसालेभातात श्रीखंड, त्यात उसळ, त्यात पुरीचे तुकडे नि जिलेबीचा चुरा, आणि वरून रिकामा केलेला मठ्ठ्याचा द्रोण. सगळं एकजीव कालवलेलं, आणि त्यातलं अर्धं गिळूनही झालेलं. पंगत अजून पहिल्या भातावर होती. नंदूनं हळूच शेजारी बघितलं. दिवाकरजींच्या पानात हुबेहूब तेच होतं. शब्दाला जागणारा माणूस. त्यांनी एक घासही मागे-पुढे केला नव्हता. घामानं त्यांचं कपाळ ओलं झालं होतं.

ज्यांना ज्यांना नंदूनं आवर्जून बोलावलं होतं ते सगळे बघत होते. तो जिलेबीवाला डॉक्टरही होता. समोर ईशा मान खाली घालून बसली होती. तिला हसू आलं नव्हतं. ती लहान असताना एकदा कार्यालयाच्या मागच्या मोरीपाशी बाबांना शोधत गेली होती, त्यामुळे तिला हे पान ओळखीचं होतं.

दिवाकरजींनी घास खाली ठेवला नाही. हळू आवाजात, खरोखरच समजून घ्यायच्या सुरात त्यांनी विचारलं, "नंदूजी, हा कुठला क्रम?"

नंदूनं हाताचा पंजा आपल्या पानावर आडवा धरला. शरमेनं त्याचे कान तापले. लोकांच्या ताटांना ढोरांची उपमा दिली होती, त्यातला शब्द न् शब्द आता त्याच्या पानाला लागू होता.

उत्तर सुलोचनेनं दिलं. तुपाचं भांडं कमरेशी धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हा वाढप्यांचा क्रम आहे. तुम्ही सगळे सावकाश जेवून उठता ना, त्यानंतरचा. पस्तीस वर्षं यांनी असंच खाल्लंय, उभ्यानं, जे उरेल ते. बसून जेवता येत नाही यांना. दुसऱ्यांची पानं तेवढी बघता येतात."

तिच्या आवाजात माया शोधून सापडली नसती. पस्तीस वर्षांचा तिचाही तिरस्कार होता, आणि तो नेमका कुणाबद्दल, नवऱ्याबद्दल की जेवून उठणाऱ्यांबद्दल, हे विचारायची छाती पंगतीत कुणाला झाली नाही. डॉक्टर आपल्या पानातल्या भाताकडे बघत राहिले.

दिवाकरजींनी तो कालवलेला ढीग पुन्हा हातात घेतला आणि शांतपणे खायला लागले. घासामागून घास, पान पुसून निघेपर्यंत. डाळीला भात शिवू न देणाऱ्या त्या माणसानं जगातलं सगळं शिवाशिव झालेलं अन्न शेवटच्या शितापर्यंत संपवलं. मग म्हणाले की रात्री पोट काय म्हणेल ते म्हणेल, पण दोन वर्षांनी कुणाच्या तरी शेजारी बसून जेवलो. नंदूला त्यांच्याकडे बघवेना. ह्या माणसाला आपण मुगावरून शिव्या घातल्या होत्या.

तो उठायला लागला. सवयीनंच, वाढायला. सुलोचनेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं. त्याचं उष्टं पान गुंडाळून बाजूला केलं आणि नवी पत्रावळ मांडली. वर मधोमध मीठ. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी. समोर भाताची मूद, वरण, तुपाची धार. एक जागा चुकली नाही. नंदूनं तिला कधी शिकवलं नव्हतं, आणि तिला येतं का हेही कधी विचारलं नव्हतं.

"सावकाश जेवा," ती म्हणाली आणि पुढच्या पानाकडे गेली.

हे शब्द त्यानं पस्तीस वर्षं ओळीच्या ओळी म्हणत नेले होते. त्याला ते आजवर कुणी म्हटले नव्हते. नंदूनं मिठाला बोट लावलं. मिशीवाला वाढपी पुन्हा कोशिंबीर उजवीकडे वाढत होता, ते त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. त्यानं मान वळवली नाही. वरणभात कालवला आणि पहिला घास घेतला, सावकाश.